पाव सहा वाजता

झोपेविषयीच्या एका फॉर्मची दोन पानं माझ्या ऑफिसच्या खणात आहेत. भाषा हंगेरियन. त्यातले चार-पाच शब्द सोडले तर मला काहीही वाचता येत नाही. तरी इतक्या वर्षांच्या नोकरीतलं दाखवण्यासारखं काम कोणतं, असं कोणी विचारलं, तर मी ही दोन पानं काढून समोर ठेवीन. त्यात माझी एक चूकही आहे, आणि तीही दाखवीन.

मी संख्याशास्त्रातली. पुण्यात शिकले, नवऱ्याच्या नोकरीमागे नेदरलँड्सला आले. आल्मेरेत घर घेतलं, कारण तेवढ्याच पैशांत तिथे एक खोली जास्त मिळत होती. गेली नऊ वर्षं रोज ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅमला जाते आणि एका संशोधन गटात रुग्णांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचं गणित करते. लोकांना वाटतं, प्रश्नावली म्हणजे काय, दुसऱ्या भाषेत लिहायची आणि वाटायची. तसं नसतं. माझे वडील कापडदुकानात नोकरीला होते. नवी मीटरपट्टी आली की ते आधी ती जुन्या पट्टीशेजारी ठेवून बघायचे, मगच तिने कापड मोजायचे. आमचं काम तेच आहे. डच भाषेतला फॉर्म जे मोजतो तेच दुसऱ्या भाषेतला फॉर्म मोजतो का, हे आम्ही तपासतो. एक साधी कसोटी अशी: एकाच रुग्णाने तो फॉर्म दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा भरायचा. मधल्या काळात आजार बदलला नसेल तर उत्तरंही फारशी बदलायला नकोत. बदलली, तर आजारापेक्षा फॉर्ममध्येच काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

हंगेरियन का, तर इथल्या भाजीपाल्याच्या काचघरांत आणि गोदामांत हंगेरीहून आलेली बरीच माणसं काम करतात. पाळ्या बदलत राहतात, एका घरात सहा-सहा जण राहतात, पहाटे व्हॅन दारात उभी असते. झोपेच्या तक्रारी घेऊन ही माणसं दवाखान्यात येतात तेव्हा हातात डच फॉर्म पडतो. तो भरून द्यायला सोबत कंपनीचा माणूस.

आमच्या गटात दोन वर्षांच्या करारावर एक हंगेरियन बाई आली, ती याच कामासाठी. वय चाळिशीच्या आसपास, तिकडे नर्स होती. इकडे नर्सचं प्रमाणपत्र मान्य होईपर्यंत एक हंगाम तिने झूटरमेरच्या पलीकडे काचघरात ढोबळ्या मिरच्या तोडल्या होत्या. तेव्हाची गोष्ट तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. झोप येत नाही म्हणून ती हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे गेली. दुभाषा म्हणून कंपनीचा सुपरवायझर सोबत.

"मी चार मिनिटं बोलले," ती म्हणाली. "त्याने डॉक्टरला दोन शब्द सांगितले. 'जरा दमलीय.' डॉक्टरनेही फॉर्मवर तेच लिहिलं. तेव्हा ठरवलं, या फॉर्मवर माणसाला स्वतःच्या हाताने लिहिता आलं पाहिजे."

पहिल्या बैठकीत तिने आणि दुसऱ्या एका भाषांतरकाराने केलेली दोन वेगवेगळी भाषांतरं टेबलावर होती. एकेका शब्दावर वाद चालला होता. मी कंटाळून म्हणाले, "शब्दांचं तुम्ही बघा. माझं काम सोपं आहे. आकडे सगळ्या भाषांत सारखेच असतात."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बघू," एवढंच म्हणाली.

शब्दांचं काम मी कडेला बसून पाहिलं, आणि मला ते आवडायला लागलं हे कबूल करते. डच फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: सकाळी उठल्यावर विश्रांती मिळाल्यासारखं वाटतं का? तिने आधी सरळ शब्दकोशातला शब्द घातला. मग चार-पाच रुग्णांना समोर बसवून विचारलं, हा प्रश्न वाचून तुम्हाला काय वाटतं ते मोठ्याने सांगा. एक गृहस्थ म्हणाले, "असं मला शेवटचं वाटलं ते बालाटोन तळ्यावर सुट्टीला गेलो होतो तेव्हा." त्यांच्या भाषेत तो शब्द सुट्टीवरून ताजंतवानं होऊन परतलेल्या माणसाला लावतात. रोज पहाटे उठणाऱ्याला तो थट्टाच वाटणार. तिने तो काढला आणि 'झोप पुरती झाली का' अशा अर्थाचा, रोजच्या बोलण्यातला शब्द घातला. मला लगेच पटलं. आपणही सकाळी 'झोप झाली का' असंच विचारतो, 'विश्रांत वाटतंय का' असं कोणी घरात विचारलं तर डॉक्टरला बोलवावं लागेल.

मग तो बदललेला फॉर्म पुन्हा डचमध्ये आणायला तिसऱ्या माणसाकडे गेला. मूळ फॉर्म न बघता त्याने उलटं भाषांतर करायचं, अशी पद्धत असते. त्याने जो डच शब्द वापरला त्याचे दोन अर्थ होतात: झोप पूर्ण झालेला, आणि बिलंदर. आमचे प्रमुख साठीचे, सव्वासहा फूट उंच डच गृहस्थ. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते, मनात मात्र सर म्हणते. त्यांनी बैठकीत गंभीर चेहऱ्याने वाचलं, "गेल्या महिन्यात सकाळच्या वेळी आपण किती बिलंदर होता?" आणि मग पाच मिनिटं काम बंद. ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तर असा एकेक प्रश्न घासूनपुसून फॉर्म तयार झाला आणि दवाखान्यांत गेला. पहिल्या वेळी कागदावर भरायचा, घरी नेऊन, निवांत. दोन आठवड्यांनी दवाखान्यात येऊन टॅबलेटवर.

कागदावरच्या फॉर्मची नोंद मी स्वतः केली. माझ्यावर ती कोणी लादली नव्हती. दुसऱ्याने टाइप केलेल्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही, एवढंच कारण. प्रत्येक फॉर्म दोनदा टाइप करायचा आणि दोन्ही नोंदी जुळवायच्या, ही माझी जुनी शिस्त आहे.

आता झोपेच्या फॉर्ममध्ये घड्याळाच्या वेळा येणारच. किती वाजता झोपता, किती वाजता उठता. टॅबलेटवर आकडेच दाबावे लागत. कागदावर मात्र नुसती रेघ होती, आणि बऱ्याच जणांनी अर्धंमुर्धं शब्दांत लिहिलं होतं. त्यासाठी मी एक छोटा तक्ता केला. 'फेल सहा' म्हणजे 'अर्धा सहा', म्हणजे साडेपाच. हे मला विचारावं लागलं नाही, कारण डच लोकही साडेपाचला 'अर्धा सहा' म्हणतात. हा धडा मी इथे आल्याच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. मुलीच्या शाळेत शिक्षिकेची 'अर्धा चार'ची भेट होती, आणि मी साडेचारला पोचले. शाळेला कुलूप.

दुसरा एक लांबलचक शब्द वारंवार येत होता, 'हारोमनेद्येद'. तो घेऊन मी तिच्याकडे गेले. "हारोमनेद्येद सहा, हे काय?"

"पाच पंचेचाळीस."

"म्हणजे पावणेसहा!" मी एकदम मराठीतच म्हणाले. तिला समजावून सांगितलं की आमच्याकडेही यासाठी वेगळा शब्द आहे, पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश, आणि त्यावरून पावणेसहा. वडिलांनी मला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, सगळी पाठ करून घेतली होती. त्या पाढ्यांचा आयुष्यात असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी अगदी खुशीत जागेवर परतले.

त्या खुशीत तिसरा शब्द विचारायचा राहिला. 'हारोम' म्हणजे तीन आणि 'नेद्येद' म्हणजे पाव, एवढं तिच्या बोलण्यातून आता माहीत झालं होतं. 'नेद्येद सहा', पाव आणि सहा. सव्वासहा. आणखी काय असणार? मी तक्त्यात लिहिलं: सहा वाजून पंधरा.

सगळं जमल्यावर हिशोब केला. फॉर्मचा बाकी भाग उत्तम जुळला. झोपायच्या-उठायच्या वेळांत मात्र घोळ. काही रुग्णांच्या पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत बरोबर एका तासाचा फरक. पाच-दहा मिनिटांचा नाही, तासाचा. कागदावर सव्वासहा, टॅबलेटवर सव्वापाच. मी नोंदी तपासल्या, दोनदा केलेल्या दोन्ही नोंदी जुळत होत्या. सूत्रं तपासली, बरोबर होती. मग मी निकाल पुढे दिला.

सर विचारात पडले. सोमवारच्या बैठकीत त्यांनी त्यांचा तर्क मांडला, आणि तर्क चांगला होता. "जाग येणं आणि अंथरुणातून उठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हंगेरियन वाक्यात त्या स्पष्ट होत नसाव्यात. एकदा लोकांनी जागं व्हायची वेळ सांगितली, एकदा उठायची. मध्ये तास जातो. म्हणजे भाषांतर डळमळीत आहे."

"वाक्यात स्पष्ट आहे," ती म्हणाली. "उठणं म्हणजे पाय जमिनीवर. दुसरा अर्थच निघत नाही."

"आकडे तसं सांगत नाहीत."

आकडे माझे होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

"आणि काचघरात जाणारा कोण तासभर अंथरुणात लोळतो?" तिने विचारलं. "मला एक तरी दाखवा."

सर कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की गुरुवारी निर्णय घेऊ. भाषांतर टिकत नसेल तर ते बाजूला ठेवून एखाद्या भाषांतर संस्थेकडून पहिल्यापासून करून घ्यावं लागेल. तिचा करार उन्हाळ्यात संपत होता. पहिल्यापासून म्हणजे तिच्याशिवाय. दोन वर्षांतला एकेक शब्द, बालाटोनवाले गृहस्थ, सगळं कपाटात जाणार.

बैठक संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. "तुझे आकडे पक्के आहेत ना?"

"दोनदा तपासलेत."

"मग माझंच चुकलं असेल," असं म्हणून ती गेली. त्या दिवशी ती कॉफीलाही आली नाही.

मला तिचं एक वाक्य सोडेना. कोण तासभर अंथरुणात लोळतो? मंगळवारी सकाळी मी कागदी फॉर्मचे खोके कपाटातून काढून घेतले आणि तासाचा फरक असलेले फॉर्म वेगळे केले. दहा निघाले. मूळ कागद पुन्हा डोळ्यांनी बघायचे ठरवले, स्क्रीनवरचं काहीच नाही. तिसऱ्याच कागदावर थांबले. फॉर्मच्या तळाशी दवाखान्याने स्वतःच्या सोयीसाठी एक जादा प्रश्न छापला होता: कामावर जायला घरातून किती वाजता निघता? आमच्या हिशोबात तो नव्हता, म्हणून मी तो कधी टाइपच केला नव्हता. त्या बाईंनी तिथे स्वच्छ आकड्यांत लिहिलं होतं, ५.४०.

उठतात सव्वासहाला, निघतात पाच चाळीसला. घराबाहेर पडल्यावर पस्तीस मिनिटांनी या बाई झोपेतून उठत होत्या.

मी बाकीचे फॉर्म भराभर उलटले. दहाही फॉर्मवर, उठायच्या नाहीतर झोपायच्या वेळेत, तोच एक शब्द होता. नेद्येद.

ती खाली उपाहारगृहात एकटी बसली होती, पुढ्यात चीज लावलेला ब्रेड. मी बसायच्या आधीच विचारलं, "नेद्येद सहा म्हणजे किती वाजता?"

"पाच पंधरा," ती म्हणाली. "का?"

मी खाली बसले.

"का, काय झालं?"

"पाच पंधरा कसे? पाव आणि सहा आहे ना?"

तिने कागदी रुमाल ओढला, त्यावर वर्तुळ काढलं. "पाच वाजले की सहावा तास सुरू होतो. त्याचा पाव भाग झाला, पाव सहा. अर्धा झाला, अर्धा सहा. तीन भाग झाले, पाऊण सहा. पूर्ण झाला, सहा. इतकं सरळ दुसऱ्या कुठल्या भाषेत नाही."

आणि खरंच होतं. तिन्ही शब्द एकाच रेषेत होते. मी एक डचमधून घेतला, एक मराठीतून घेतला, दोन्ही नशिबाने बरोबर आले, आणि तिसऱ्यात माझ्या डोक्यातला सव्वा आडवा आला. आपला पावणे पुढच्या तासाचं नाव घेतो आणि सव्वा मागच्या तासाचं. जन्मभर वापरून मला हे कधी खटकलं नव्हतं. डच किंवा इंग्रज माणसाने पावणेसहाची फुशारकी मारलीच नसती, त्याने तिन्ही शब्द मुकाट विचारून घेतले असते.

"भाषांतर बरोबर आहे," मी म्हणाले. "तक्ता चुकलाय. माझा."

तिने ब्रेड बाजूला सरकवला.

"काल रात्री मी नवऱ्याला म्हणाले की मला माझीच भाषा येईनाशी झालीय," ती म्हणाली. "इतकी वर्षं बाहेर राहून."

"मला माफ कर."

"दोनदा तपासलेत म्हणालीस."

"दोन्ही वेळा त्याच तक्त्यावरून."

"गुरुवारी हे तू सांगणार," ती म्हणाली. "मी नाही. मी सांगितलं तर स्वतःचा बचाव करतेय असं दिसेल."

"मीच सांगणार."

वडील म्हणायचे, माप दोनदा घे, पण पट्टी एकदा तरी तपास. मी मापं दोनदा घेतली होती, आणि पट्टी खुशीत येऊन स्वतःच बनवली होती.

घरी आले तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलावर रविवारच्या मराठी वर्गाची तयारी करत होता. आल्मेरेतली वीसेक मुलं येतात, तो त्यांना शिकवतो. समोर पुठ्ठ्याचं मोठं घड्याळ, पिवळा तासकाटा, लाल मिनिटकाटा. त्या आठवड्यात नेमकं सव्वा-साडे-पावणे चाललं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"आकडे सगळ्या भाषांत सारखेच, नाही का बाईसाहेब?"

"बोल, बोल."

"आणि पावकीत सहा पाव किती? दीड! त्या बाई रात्री दीडला उठतात असं लिहिलं नाहीस, हे त्यांचं नशीब."

मुलीने फोनवरून मान वर केली. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हाताला येईल त्या भाषेत देते. या वेळी डचमध्ये म्हणाली, "आई, तू शाळेतही तासभर उशिरा आली होतीस. तुझं तासाचंच काहीतरी आहे."

हसले मीही. मग नवऱ्याने घड्याळ माझ्याकडे सरकवलं. "हे घेऊन जा गुरुवारी. तोंडाने सांगत बसलीस तर सगळे गोंधळतील. फक्त परत आण हं, रविवारी मला लागतं. आणि लाल काटा ढिला आहे, जपून."

गुरुवारी मी ते घड्याळ पिशवीत घालून ट्रेनने नेलं. काटे दुमडू नयेत म्हणून मांडीवर आडवं धरलं होतं. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, शिक्षिका आहात का? मी म्हणाले, आज विद्यार्थिनी.

बैठकीत मी सगळ्यांच्या आधी बोलायची परवानगी मागितली. प्रस्तावना केली नाही. "वेळांमधला तासाचा फरक भाषांतरामुळे नाही, माझ्या नोंदीमुळे आहे. मी एक शब्द न विचारता गृहीत धरला." मग घड्याळ उभं केलं आणि काटे सव्वापाचवर नेले. "ही वेळ. तुम्ही या वेळेला पाचवर पाव म्हणता. मी म्हणते सव्वापाच. ही म्हणते पाव सहा." काटा पुढे नेला. "तुम्ही अर्धा सहा, ही अर्धा सहा, मी साडेपाच." आणखी पुढे. "तुम्ही सहाला पाव कमी, मी पावणेसहा, ही पाऊण सहा. तिघांत एकच भाषा पहिल्यापासून शेवटपर्यंत एका नियमाने चालते, ती हिची. मी तिच्यात माझा नियम घुसवला." मग पाच चाळीसला घराबाहेर पडून सव्वासहाला उठणाऱ्या बाईंचा फॉर्म पुढे ठेवला.

सरांनी घड्याळ स्वतःकडे ओढून घेतलं, काटे एकदा पूर्ण फिरवले. लाल काटा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो परत बसवला.

"म्हणजे सोमवारी मी चुकीच्या माणसाला प्रश्न विचारत होतो," ते म्हणाले. तिच्याकडे वळले. "हे मला मान्य आहे." डच माणसाच्या तोंडून याहून जास्त माफी निघत नाही, आणि एवढी निघाली ती पुष्कळ.

"तेवढे दहा फॉर्म सुधारून आज निकाल देता येईल?" त्यांनी मला विचारलं.

"देता येईल, पण देणार नाही. सगळे कागद पुन्हा टाइप करायला हवेत. दोन वेगळ्या माणसांनी, आणि त्यांत मी नको. तक्ता हीच तपासून देईल." माझ्याच तोंडाने मी स्वतःला कामातून काढलं, आणि मला ते बरं वाटलं.

तीन आठवडे लागले. दहाच्या दहा फॉर्म जुळले. पण नव्या नोंदीत एक अकरावा सापडला. त्यावरही नेद्येद सहा होतं, आणि त्या रुग्णाने टॅबलेटवर मात्र खरोखरच सहा पंधरा दाबलं होतं. माझ्या चुकीच्या तक्त्यात तो फॉर्म अगदी तंतोतंत जुळला होता, आता बरोबर तक्त्यात तो एका तासाने चुकायला लागला.

"पाळी बदलली असेल," ती म्हणाली. "नाहीतर बोट चुकलं असेल."

"असेल."

"फोन करून विचारता येणार नाही?"

"परवानगी नाही."

"मग?"

"मग तो चुकलेलाच राहील. पाच पंधरा लिहायचं, आणि जो फरक येतो तो येऊ द्यायचा."

तिने मान डोलावली. तिलाही तेच हवं होतं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं असं मला वाटलं. तो एक फॉर्म धरूनही वेळांचा भाग कसोटीला उतरला. सरांनी निकालाचं पान वाचलं, खाली सही केली आणि म्हणाले, "भाषांतर जसंच्या तसं राहील. एक शब्दही हलवायचा नाही." तिने माझा हात टेबलाखाली असा दाबला की बांगडी रुतली.

आमच्या लेखात, नोंदींच्या पद्धतीच्या परिच्छेदात, ही चूक दोन ओळींत लिहिलेली आहे. ते वाक्य काढलं तरी चालेल असं एका सहकाऱ्याने सुचवलं होतं. मी ठेवलं. फॉर्मसोबत जी वापराची पुस्तिका जाते, तिच्या शेवटच्या पानावर तीन वर्तुळांचा तक्ता आहे: पाव, अर्धा, पाऊण, प्रत्येकासमोर आकड्यांतली वेळ. फॉर्मवरच्या रेघेच्या जागी आता आकड्यांसाठी चार चौकोन आहेत, मध्ये दोन टिंबं. त्या दोन पानांत माझं म्हणावं असं एवढंच.

तिचा करार संपायच्या आठवड्यात ती मला झूटरमेरजवळच्या त्या दवाखान्यात घेऊन गेली. नऊ वर्षांत मी एकही रुग्ण फॉर्म भरताना पाहिला नव्हता. माझ्यापर्यंत येतात ते आकडे. आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. समोर पन्नाशीच्या एक बाई होत्या, हाताच्या बोटांना मिरचीच्या रोपांचा हिरवट डाग, शेजारी कंपनीचं जाकीट घातलेला तरुण सुपरवायझर. नर्सने बाईंच्या हातात हंगेरियन फॉर्म दिला. सवयीने तो घ्यायला सुपरवायझरने हात पुढे केला. बाईंनी पहिली ओळ वाचली, मग त्याच्याकडे न बघताच काहीतरी म्हणाल्या. तो उठून कॉफीच्या यंत्राकडे गेला.

"काय म्हणाल्या?" मी कुजबुजले.

"म्हणाल्या, 'तू बस तिकडे, हे मला वाचता येतं.'"

बाईंनी पर्समधून चष्मा काढला. सावकाश, एकेका प्रश्नाला थांबत, पेन दाबून लिहीत राहिल्या. वीस मिनिटं लागली असतील. मधे एकदा स्वतःशीच हसल्या. फॉर्म घेऊन नर्स आमच्या बाजूने गेली तेव्हा तिने तो आम्हाला दाखवायचा नव्हता, आणि दाखवलाही नाही. पण दोन पावलांवर थांबून तिने पुस्तिका उघडली, शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"पुन्हा एकदा चौकोन सोडून बाजूलाच लिहिलंय," ती आमच्याकडे बघून म्हणाली. "नेद्येद सहा. हे नेहमीचंच." आणि तक्ता बघून तिने चौकोनांत आकडे भरले.

माझ्या मैत्रिणीने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, अगदी पहिल्या बैठकीत पाहिलं होतं तसं.

"सगळ्या भाषांत सारखेच असतात ना?"

"सव्वापाच लिहिले का ते बघ," मी म्हणाले.

"बघायला नको," ती म्हणाली. "तक्ता तपासलेला आहे."